पांढरीतला कोळसा आणि काळीतला कर्ब

कार्बन-१४ म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी, काळाबरोबर घटत जाणारा प्रकार. त्याची चाचणी मातीचं वय सांगत नाही. आपली काळी (शेतातली काळी माती) ज्या बेसाल्ट खडकातून झाली तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि ही चाचणी ५०,००० वर्षांपलीकडे फारशी पोचत नाही. वय निघतं ते मातीतल्या कर्बाचं, म्हणजे झाडापाल्यातून आलेल्या सेंद्रिय कार्बनचं. एवढं मिटलं.

खरा घोळ पुढे आहे. मराठवाड्यातल्या तेर या प्राचीन गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत) जळका कोळसा निघाला तर हिशोब सरळ: झाडानं हवेतला कार्बन घेतला, मग ते मेलं नि घेणं थांबलं, तिथून दर ५,७३० वर्षांत कार्बन-१४ निम्मा होतो. हे सगळ्यांना पाठ आहे.

काळीचं दार मात्र कधी बंदच होत नाही. औंदाचं ज्वारीचं धसकट, गेल्या सालचं शेणखत आणि चिकणमातीला हजारो वर्षं चिकटून बसलेला कर्ब, सगळं एका चिमटीत. त्यात उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरचं खाली जातं. समजा, निम्मा कर्ब आजचा आणि निम्मा १०,००० वर्षांचा. अहवालात किती येईल? ५,००० नाही, सुमारे ३,५००! सरासरी निघते कार्बन-१४च्या प्रमाणाची, वर्षांची नाही. आणि जुन्या निम्म्यात तो तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरलेला असतो. त्या चिमटीत ३,५०० वर्षांचा एक कणही नाही, तरी अहवाल तोच आकडा छापतो.

म्हणून ‘कर्ब हजारो वर्षं टिकतो, मग शेणखत कशाला’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मातीचं वाड्यासारखंच: ओसरीवर म्हातारे बसलेले असतात, रोज बाहेर पडतात ती पोरं. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइडही सहसा मागे उरलेल्या कर्बाहून तरुण असतो. ही ये-जा पाहायची तर अणुबॉम्बच्या चाचण्यांतून हवेत आलेला कार्बन-१४ बघा. १९६३च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेत तो जवळपास दुप्पट झाला होता. एकाच रानातले जुने आणि नवे नमुने शेजारी ठेवले की तो मातीत किती मुरला ते दिसतं. एकट्या ‘वया’पेक्षा माझा भरवसा यावर.

पीट, म्हणजे साचलेला अर्धवट कुजलेला झाडपाला, पांढरीच्या बाजूचं: हिशोब त्यातल्या त्यात सरळ. दलदलीत कुजणं मंदावतं, थरावर थर चढतात; निलगिरीत असं पीट आहे, मराठवाड्यात नाही. (नर्सरीतलं कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, कृपा करून त्याला पीट समजू नका.) तिथंही नवी मुळं खाली घुसतात, म्हणून शेवाळाचे अवशेष निवडून तपासलेले बरे.

राहिली काळीतली चुनखडी. तिच्यातही कार्बन असतो, पण त्याचा सेंद्रिय कर्बाशी संबंध नाही. आम्लानं ती काढल्याशिवाय आलेला काळीचा आकडा मला दाखवूच नका.