लिंबू-सोड्यातले लिथियम

आज आपल्याकडच्या किराणा दुकानातही सहज मिळणारे सेव्हन-अप १९२९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात पहिल्यांदा विक्रीला आले, तेव्हा त्याचे नाव ‘बिब-लेबल लिथिएटेड लेमन-लाइम सोडा’ असे लांबलचक होते. त्यातला ‘लिथिएटेड’ हा शब्द शब्दशः खरा होता, कारण या पेयात लिथियम सायट्रेट नावाचा क्षार घातलेला असे. मानसोपचारतज्ज्ञ ज्याची मात्रा रक्त तपासून ठरवतात, तेच हे लिथियम.

पेयाचे जनक चार्ल्स लायपर ग्रिग यांनी आधी ‘हाउडी’ हे संत्र्याच्या चवीचे पेय काढले होते, पण त्या बाजारावर ‘ऑरेंज क्रश’ची घट्ट पकड असल्यामुळे ते लिंबाच्या चवीकडे वळले. शेअर बाजार कोसळून महामंदीची चाहूल लागण्याच्या जेमतेम काही दिवस आधी हे नवे पेय आले आणि तरीही ते टिकले. १९३६ मध्ये तर कंपनीनेच ‘सेव्हन-अप’ हे नाव धारण केले. नावातल्या सातचा संबंध लिथियमच्या सुमारे ७ या अणुभाराशी जोडला जातो. कल्पना मोहक आहे, पण ग्रिग यांनी तसा खुलासा कधी केला नाही, त्यामुळे ती कल्पना म्हणूनच घ्यावी.

पेयात लिथियम घालावे असे कोणाला का वाटावे, याचे उत्तर गाऊट या सांधेदुखीच्या विकारात सापडते. या विकारात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यांत साचतात. लंडनचे वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिथियमच्या द्रावणात हे साठे विरघळतात, असे दाखवले, कारण लिथियम युरेट हा क्षार पाण्यात चांगला विरघळतो. मग काय, लिथियमयुक्त झऱ्यांचे पाणी बाटल्यांत भरून आरोग्यदायी म्हणून विकले जाऊ लागले आणि सोड्याच्या बाटलीतले लिथियम हे त्याच लाटेतून आले. गॅरॉड यांचे निरीक्षण बरोबर होते. पण काचपात्रात जे घडते ते सांध्यात घडवायला लागणारी लिथियमची मात्रा शरीराला झेपणारी नसते, ही बाब त्या उत्साहात मागे पडली.

धोका उघड झाला तो मात्र शीतपेयामुळे नव्हे, तर मिठामुळे. हृदयविकाराच्या रुग्णांना मीठ वर्ज्य असल्याने त्यांच्यासाठी लिथियम क्लोराइडचे पर्यायी मीठ विकले जात होते आणि १९४९ मध्ये त्यातून विषबाधा होऊन काही रुग्ण दगावले. लिथियम आणि सोडियम एकाच कुळातली मूलद्रव्ये असल्यामुळे मूत्रपिंड त्यांच्यात पुरता फरक करू शकत नाही. आहारातले सोडियम कमी झाले की ते सोडियम राखून ठेवू लागते आणि त्यासोबत लिथियमही रक्तात साठत जाते. म्हणजे ज्यांना हे मीठ दिले, नेमक्या त्यांनाच ते सर्वांत घातक होते. सेव्हन-अपमधून लिथियम त्याआधीच, १९४८ मध्ये, काढून टाकले गेले होते.

या कथेतला सर्वांत विलक्षण भाग मला पुढचाच वाटतो. त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत एखादे विष असावे, या शंकेपोटी ते गिनीपिगांवर युरिक आम्लाचे परिणाम तपासत होते आणि ते आम्ल विरघळत नसल्यामुळे त्यांनी सहज विरघळणारा लिथियम युरेट निवडला. नव्वद वर्षांपूर्वी गॅरॉड यांना ज्या गुणाने भुरळ घातली होती, तोच हा गुण. टोचणीनंतर गिनीपिग शांत, सुस्त झाले. मग केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले आणि त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसली.

पर्यायी मिठाच्या त्या दुर्घटनेमुळे अमेरिकेत मात्र या औषधाला मान्यता मिळायला १९७० साल उजाडावे लागले. लिथियमची उपकारक आणि अपायकारक पातळी एकमेकींच्या फार जवळ असल्याने आजही ते घेणाऱ्या रुग्णाची रक्ततपासणी ठरावीक काळाने केली जाते आणि जेवणातले मीठ एकाएकी कमी करू नका, असे त्याला बजावून सांगितले जाते.