डोंगरावरच्या सेटसाठी ऑटो-रिसेट टायमर: लावायच्या आधी एवढं वाचाच

नमस्कार मंडळी. डोंगरावरचा हॅम रेडिओचा वायरलेस सेट रोज एकदा आपोआप बंद-चालू करणारा टायमर आम्ही बनवतो. आमच्याकडून तयार टायमर घेतलेल्यांसाठी आणि किट मागवून घरी सोल्डर करणाऱ्यांसाठी पण हे लिहितोय, कारण फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि फोनवर वायरिंग सांगताना हमखास काहीतरी सुटतं.

आधी हा बॉक्स का बनवला ते सांगतो. एका जुलैत साताऱ्याकडच्या डोंगरावरचा रिपीटर (आलेला सिग्नल उचलून पुढे लांबवर पाठवणारा सेट) गप्प झाला, आम्ही दोघं धुक्यातून, निसरड्या वाटेने अडीच तास चढून गेलो, खोली उघडली, सप्लायची पिन काढली, परत लावली आणि रिपीटर चालू! बिघाड कसलाच नव्हता, कंट्रोलर (रिपीटर चालवणारा सर्किट बोर्ड) नुसता हँग झालेला. त्या एका पिनसाठी दोघांचा अख्खा दिवस गेला, आणि तोही पावसात, म्हणजे नेमकी जेव्हा त्या रिपीटरची गावांना जास्त गरज असते तेव्हा.

तर बॉक्स काय करतो, रोज पहाटे साडेतीनला सेटचा १२ व्होल्टचा प्लस ३० सेकंद तोडतो आणि परत जोडतो. बस. साडेतीन अशासाठी की सकाळच्या नेटला (ठरलेल्या वेळी सगळे हॅम हवेवर भेटतात त्याला) अजून वेळ असतो. त्या वेळी कुणी बोलत असेल तर पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सुटेपर्यंत थांबतो, पण जास्तीत जास्त १० मिनिटं, कारण पीटीटी अडकून बसणं हाच एक फॉल्ट असू शकतो आणि मग तो कायम वाटच बघत बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. सेटचा सप्लाय रिलेच्या (कॉईलला करंट दिला की पलटणारा स्विच) एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या, कॉन्टॅक्टमधूनच न्यायचा, म्हणजे रिले झोपलेला असताना सेट चालू आणि कॉईलला करंट दिला की सेट बंद. बरेच जण उलटं करतात, एनओवर, म्हणजे एरवी उघड्या कॉन्टॅक्टवर, सेट जोडतात, मग टायमरचा आयसी गेला किंवा कॉईल जळली की चांगला चालणारा सेटही बंद पडतो आणि तुम्ही परत डोंगरावर. टायमर मेला तरी रिपीटर जिवंत राहिला पाहिजे. दुसरा फायदा बॅटरीचा. गाडीतल्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉईल साधारण ८५ ओहमची असते, म्हणजे १४० मिलिअँपियर, ती २४ तास ओढून ठेवली तर दिवसाला ३.४ अँपिअर-अवर नुसत्या रिलेत जातात, पावसाळ्यात सोलरवर हे अजिबात परवडत नाही. एनसीवर ती दिवसातून फक्त ३० सेकंद लागते.

रिले घेताना पाच पिनांचाच मागा. ऑटो स्पेअर्सच्या दुकानात चार पिनांचा देतात, त्यात ८७ए पिनच, म्हणजे एनसी कॉन्टॅक्टच, नसते. बॅटरीचा प्लस १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० नंबरला, ८७ए वरून सेटला, ८५ आणि ८६ कॉईल. कॉईलवर १एन४००७ डायोड उलटा लावायचा. आणि ही कॉईल बीसी५४७ ने चालवू नका, तो १०० मिलिअँपियरचा ट्रान्झिस्टर आहे, टेबलावर चालतो आणि पुढे कधीतरी दगा देतो, बीडी१३९ लावा.

मायनस कधीच तोडू नका. अँटेनाच्या कोअॅक्स केबलच्या जाळीतून मायनस परत मिळतो आणि सेट नीट बंदच होत नाही. असाच चोरवाटेचा करंट यूएसबी आणि ऑडिओच्या वायरमधून पण येतो, एका गिऱ्हाईकाच्या जागेवर आम्ही स्वतः बघितलं, सेटचा सप्लाय तोडलेला आणि मॉडेमचा हिरवा एलईडी मंद पेटलेलाच, काजव्यासारखा. प्रोसेसर अर्धवट जिवंत, मग रिसेट कसला होणार? म्हणून सेट, मॉडेम, कंट्रोलर सगळं एकाच रिलेमागे घ्या. ३० सेकंद पण त्यासाठीच, आतले मोठे कपॅसिटर पूर्ण रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो, एक सेकंद बंद करून काही होत नाही.

"५५५ वर नाही का बनवता येणार, स्वस्तात?" असं खूप जण विचारतात, ५५५ म्हणजे साधा टायमर आयसी. २४ तासांसाठी नाही. १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर) बरोबर ८६,४०० सेकंद पाहिजेत, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तरी रेझिस्टर साडेअठ्ठ्याहत्तर मेगाओहमचा लागतो, आणि त्यातून जेवढा करंट येतो त्याहून जास्त तो इलेक्ट्रोलिटिक स्वतःच लीक करतो, म्हणजे तो चार्जच होत नाही. एटी-टायनी ८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर चालतो, पण त्याचं आतलं घड्याळ फॅक्टरीतून १० टक्क्यांपर्यंत चुकीचं असू शकतं, २४ तासांत ते जवळपास अडीच तास झालं. म्हणून आम्ही सोबत डीएस३२३१ ही घड्याळाची चिप घालतो, तो वर्षाला साधारण मिनिटभर इकडेतिकडे होतो.

सेटसोबत रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) असेल तर मात्र रोजचा आंधळा रिसेट नको, लिहिणं चालू असताना पॉवर गेली की एसडी कार्ड खराब होतं. त्याला आमचा दुसरा मोड आहे, पाय दर मिनिटाला एक पल्स देतो, १० मिनिटं पल्स आली नाही तरच पॉवर तोडायची, मग बूट व्हायला ५ मिनिटं द्यायची. तीन वेळा करूनही पल्स आली नाही तर तासभर थांबतो, सारखं बंद-चालू करून कार्डाचं अजूनच नुकसान होतं.

वर नेण्याआधी घरी दोन गोष्टी करा. एक, चालू सेटची पिन उपटा, अर्ध्या मिनिटाने लावा आणि बघा तो आपणहून त्याच फ्रिक्वेन्सीवर चालू होतो का. काही सेटना पुढचं बटण दाबावंच लागतं, तशा सेटला आमचा टायमर उपयोगाचा नाही, कृपया घेऊ नका. दुसरं, ५ वॉटचा हँडी (हातातला वायरलेस सेट) बॉक्सला टेकवून पीटीटी दाबा, रिले टकटक करायला लागला तर वायरींवर फेराइट घाला आणि मायक्रोकंट्रोलरच्या रिसेट पिनवर १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय का बघा.

बॉक्स भिंतीवर लावताना वायरी खालून आत घ्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत येत नाही, आणि जी भोकं उरतील ती सगळी बुजवा, मुंग्या आणि पाली उबेला हमखास आत शिरतात. विजेपासून हा बॉक्स वाचवत नाही, त्याचं अर्थिंग आणि अरेस्टर वेगळं. वायरिंग झालं की बॉक्स बंद करायच्या आधी एक फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)