मावशी, एक सुरमई दे ना!

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून एक गेम बनवतोय. गेम घडतो ससून डॉकवर, पहाटेच्या लिलावाच्या वेळी. त्यात एक मांजराचं पिल्लू आहे, ते बर्फाच्या पेट्यांमधून वाट काढत मासे पळवतं. आणि एक बोका आहे, तो "हा धक्का माझा आहे" म्हणत आडवा येतो. खिशात पैसे नसल्यामुळे दोघांना आवाज भाच्याचाच. आमच्या पार्ल्याच्या घरी डोक्यावरून गोधडी घेऊन त्याने मोबाइलवर दोन वाक्यं रेकॉर्ड केली, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि पिचचा, म्हणजे पट्टीचा, स्लायडर पिल्लासाठी १.५ वर, बोक्यासाठी ०.७ वर नेऊन ठेवला. पिल्लाचं वाक्य होतं, "मावशी, एक सुरमई दे ना!"

मग मला हाक आली. "मामा, हे पिल्लू वाटतच नाहीये रे. कार्टूनमधली खार वाटतेय. आणि आवाज काही एवढा चढवलेला नाही मी."

त्याची तक्रार रास्त होती. त्याचा बोलण्याचा आवाज साधारण १२० हर्ट्झचा, म्हणजे गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला १२० वेळा उघडमिट करतात. त्याची दीडपट १८०. गाणाऱ्यांच्या भाषेत सा होता तिथून पंचमावर गेलो, बस. १८० हर्ट्झच्या आसपास तर कितीतरी बायका रोज बोलतात. त्याची आईही बोलते, आणि तिला कुणी खार म्हटल्याचं मला आठवत नाही. निदान तोंडावर तरी नाही. मग तीच पट्टी पिल्लाच्या तोंडी गेल्यावर खारीची का होते?

आधी तो स्लायडर करतो काय ते बघू. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग, सेकंदाला ४८,००० आकडे. नेहमी ते एकामागून एक वाचले जातात. स्लायडर १.५ वर नेला की कॉम्प्युटर दीड-दीड घर ओलांडत वाचतो: शून्यावा आकडा, मग दीडावा, मग तिसरा, मग साडेचारावा. दीडावा आकडा मुळात नसतोच, म्हणून शेजारच्या दोघांवरून अंदाज बांधून घ्यायचा. काम इतकं हलकं आहे की गेम चालू असताना शंभर आवाजांवर केलं तरी प्रोसेसरला घाम फुटत नाही. म्हणून तर गेमवाले ते सर्रास वापरतात. पावलांचा एकच आवाज प्रत्येक पावलाला किंचित वरखाली केला की चाल यांत्रिक वाटत नाही.

पण अशा वाचण्यात रांग लवकर संपते. दोन सेकंदांचं वाक्य १.३३ सेकंदात उरकतं. बोक्याचं उलट, त्याला २.८६ सेकंद लागतात. ज्यांनी वॉकमन वापरलाय त्यांना हे सांगायला नको. सेल उतरायला लागले की गाणं लांबायचं आणि गायक एकेक पायरी उतरत तळघरात जायचा. रेकॉर्डचंही तेच. ३३⅓ची तबकडी चुकून ४५ वर लावली की सगळं १.३५ पट होतं आणि गायिकेचा सा शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जाऊन बसतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज फिरतो: ४४० हर्ट्झचं (म्हणजे वाद्यं जुळवायच्या नेहमीच्या सुराचं) संगीत मनाला बिघडवतं, ४३२ हर्ट्झ हे विश्वाचं नैसर्गिक स्पंदन, खालील लिंकवर ऐका आणि व्याधी पळवा. त्या लिंकवरची गाणी बहुतेक वेळा हाच स्लायडर ०.९८२ वर ठेवून केलेली असतात. म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षाही कमी फरक. आपल्याकडे तर गायक आपल्या गळ्याला झेपेल तिथे सा धरतो, त्यामुळे कुठल्याही मैफिलीत एवढा फरक सहज पडतो आणि कुणाचा संधिवात बरा होत नाही. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद म्हणजे दिवसाचे माणसाने केलेले ८६,४०० तुकडे. विश्वाला ते ठाऊक असायचं काही कारण नाही. असो.

वेगाच्या अडचणीवर एक जुना तोडगा आहे. १९५८ साली अमेरिकेत रॉस बागदासारियन याने चिपमंक खारींचे आवाज केले तेव्हा टेप निम्म्या वेगाने फिरवत, स्वतः संथ गाऊन रेकॉर्डिंग केलं. मग टेप नेहमीच्या वेगाने वाजवली. लय जागेवर आली, आवाज मात्र दुप्पट वर. भाच्यालाही म्हटलं, संथ बोल. तो "माऽऽवशी, एऽऽक सुऽऽरमई" असं आळसावल्यासारखं बोलला, आम्ही ते १.५ने वाजवलं. लय अगदी बरोबर आली. आणि खार तशीच राहिली.

म्हणजे दोष वेगाचा नव्हता, नळीचा होता. ही नळी माझा आवडता विषय आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

स्वरतंतूंपाशी जो आवाज तयार होतो तो ऐकायला भुंग्यासारखा असतो. त्यात ना आ असतो ना ई. त्याच्यापुढे घशापासून ओठांपर्यंत जी वाट आहे, पुरुषात साधारण १७ सेंटीमीटरची, ती त्या भुणभुणीतल्या काही वारंवारता उचलून धरते आणि बाकीच्या दाबते. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी अशी नळी शाळेत अनुनादाच्या प्रयोगात पाहिलेली असते. तिची पहिली अनुनादी वारंवारता काढायला ध्वनीचा वेग नळीच्या चौपट लांबीने भागायचा. ३४० भागिले ०.६८, उत्तर ५००. पुढच्या तिच्या तिप्पट आणि पाचपट, १५०० आणि २५००. तोंड सैल सोडून नुसतं "अ" म्हणा, तुमचे अनुनाद याच आसपास असतील. जीभ पुढे उचलली की पहिला ३०० पर्यंत उतरतो, दुसरा २२०० च्या वर चढतो आणि "अ" चा "ई" होतो. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. भुणभुण वेगळी आणि तिला आकार देणारी नळी वेगळी, ही मांडणी स्वीडनच्या गुन्नर फांट यांनी १९६० साली नीट गणितात बसवली.

दोन्ही गोष्टी खरंच वेगळ्या आहेत का? कुजबुजून बघा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणजे पट्टी नावाची चीजच उरत नाही. तरी "आ", "ई", "ऊ" स्वच्छ वेगळे कळतात. आता कुजबुजतच "ई" वरून सावकाश "ऊ" वर या. काहीतरी खाली घसरत गेल्यासारखं वाटेल. ते घसरणारं आहे तुमचा दुसरा फॉर्मंट. वाढदिवसाच्या फुग्यातला हेलियम ओढून बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा होतो, त्यालाही लोक पट्टी वाढली असं म्हणतात. पट्टी जवळपास तिथेच असते. हेलियममध्ये ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने धावतो, म्हणून फॉर्मंट वर उडतात. (सिलिंडरला तोंड लावून हा प्रयोग करू नये. त्यात माणसं दगावली आहेत.)

आणि आपला कान या फॉर्मंटवरून नळीची लांबी जोखतो, म्हणजे पर्यायाने समोरचा प्राणी केवढा आहे ते. युरोपातल्या लाल हरणांचे नर माजाच्या दिवसांत डरकाळताना स्वरयंत्र छातीच्या दिशेने खाली ओढून घेतात. नळी लांबते, फॉर्मंट उतरतात, आणि झाडीआडच्या प्रतिस्पर्ध्याला वाटतं की पलीकडे कुणीतरी दांडगा उभा आहे. मुलांचा वयात येताना आवाज फुटतो तेव्हाही स्वरतंतू जाड होतात आणि स्वरयंत्र खाली सरकतं, दोन्ही.

आता १.५ च्या स्लायडरकडे परत या. तो आकड्यांची रांगच दाबतो, म्हणून स्वरतंतूंचे १२० जसे १८० होतात तसे नळीचे ५०० चे ७५० होतात. ही नळी ११.३ सेंटीमीटरची. म्हणजे पट्टी आईची आणि नळी लहान पोराची! असा प्राणी कुठेच नसतो, आणि कानाने ते बरोबर पकडलं. खऱ्या लहान मुलाची नळी एवढी असते खरी, पण पट्टी २५० ते ३०० हर्ट्झची असते. बोक्याचं मात्र जमून गेलं होतं. ०.७ ने पट्टी ८४ हर्ट्झ आणि नळी २४ सेंटीमीटरची झाली, म्हणजे आकाराने म्हशीकडे झुकणारा बोका, आणि भाच्याला तेच हवं होतं. स्लायडरवर "पिच" लिहिलंय, पण प्रत्यक्षात तो अख्खं शरीरच लहानमोठं करतो.

पट्टी आणि नळी वेगवेगळी हलवायची तर काय करावं? इथे दादरच्या फुलबाजारात चला. भुणभुणीतला प्रत्येक झटका नळीत शिरतो, नळी क्षणभर घुमते आणि शांत होते, तोवर पुढचा झटका येतो. १२० हर्ट्झला दर ८.३ मिलिसेकंदांनी एक. हे एकेक घुमणं म्हणजे एकेक मोगऱ्याचं फूल, आणि आवाज म्हणजे गजरा. फुलाचा आकार नळी ठरवते, दोन फुलांमधलं अंतर पट्टी ठरवतं. स्लायडर काय करतो? गजरा रबरावर छापून ते रबर आक्रसू देतो. अंतर कमी होतं, पण फुलंही चेपतात. त्याऐवजी गजरा उसवायचा आणि तीच फुलं जवळजवळ ओवायची. गजरा आखूड होईल, तर काही फुलं दोनदा वापरायची. १०० फुलांच्या जागी १५० हवीत, तर एकाआड एक फूल पुन्हा. लांबी तीच, फूल तेच, पट्टी दीडपट. १९९० साली फ्रान्समधल्या मुलीन आणि शारपॉंतिये या संशोधकांनी ही पद्धत सविस्तर मांडली. तिला पी-सोला म्हणतात.

कात्री लावताना कडा दिसू नयेत म्हणून प्रत्येक फूल दोन आवर्तनांइतकं, म्हणजे दोन झटक्यांमधल्या अंतराच्या दुप्पट, रुंद कापतात, मध्ये पूर्ण ठेवून दोन्ही बाजूंना हळूहळू शून्यावर आणतात, आणि शेजारच्या फुलावर चढवून बेरीज करतात. पण कापायचं कुठे, हे आधी कळायला हवं. त्यासाठी आवाजाची एक प्रत त्याच आवाजावर ठेवून सरकवत न्यायची. साडीचा काठ काठावर ठेवून सरकवला की एका जागी कुयरीवर कुयरी येते, तसं. तेवढं सरकणं म्हणजे एक आवर्तन. यात एक ग्यानबाची मेख आहे. दोन कुयऱ्यांएवढं सरकवलं तरी काठ जुळतोच, त्यामुळे प्रोग्रॅम कधीकधी पट्टी निम्मी समजतो आणि शब्दाच्या मध्येच आवाज एक सप्तक कोसळतो. गायकाचा चुकलेला सूर दुरुस्त करणाऱ्या, १९९७ साली आलेल्या ऑटो-ट्यून सॉफ्टवेअरमागेही हेच सरकवण्याचं गणित आहे. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीतले ध्वनी वाचायचा.

दुसरी मेख सुरमईतल्या "स" ची. गळ्याला बोट लावून "म" म्हणा, थरथर जाणवेल. "स" म्हणा, काही नाही. "स" म्हणजे नुसती दातांपाशी फुसफुसणारी हवा. तिथे आवर्तन नाही, म्हणजे गजऱ्यात फूलच नाही. तिथेही प्रोग्रॅमने तेच तुकडे पुन्हा पुन्हा ओवले तर "स" डासासारखा गुणगुणायला लागतो. म्हणून असे भाग ओळखून जसेच्या तसे सोडावे लागतात. "सुरमई" मधला "सु" सोडायचा की ओवायचा, तर अर्धा सोडायचा, अर्धा ओवायचा. या अर्ध्यावर भाच्याची एक अख्खी रात्र गेली.

हे सगळं गेम चालू असताना करायची गरज नव्हती. वाक्यं ठरलेली आहेत, आधीच शिजवून ठेवता येतात. शेवटी पिल्लाला दोन वेगळे आकडे दिले: फुलं जवळ ओवून पट्टी २.२ पट, आणि एकेक फूल आक्रसून नळी १.४ पट आखूड. पट्टी २६४ हर्ट्झ, नळी १२ सेंटीमीटर. वाजवलं आणि माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोणाचं पोर आलंय?" ही पावती मला पुरेशी होती. भाच्याला नव्हती. त्याच्या मते आता ते माणसाचं पोर झालं, मांजराचं नाही. मग नळी आणखी आखूड करत आम्ही ९ सेंटीमीटरवर थांबलो. तिथे "मावशी" मध्ये किंचित म्याव ऐकू येतं.

आणि तेव्हा कुकर ऐकू आला. रेकॉर्डिंगच्या वेळी शेजारच्या घरात शिटी झाली होती. साध्या स्लायडरमध्ये ती नुसती बारीक होऊन गेली होती, कुणाच्या लक्षातही आली नाही. पण गजरा ओवताना भाच्याच्या गळ्याच्या मापाने तिचेही तुकडे पडले. शिटीची आवर्तनं वेगळी, कात्री वेगळी, त्यामुळे "दे ना" च्या मागे कुणीतरी पत्रा खरवडतंय असं वाटायला लागलं. तेवढं वाक्य आता पुन्हा घ्यायचं आहे. रात्री शेवटची लोकल गेली की गोधडी काढणार आहोत. बहिणीने एवढंच सांगितलंय, की सुरमई हळू मागा, खालचे आजोबा झोपलेले असतात.