मुळा कुठली आणि मुठा कुठली?

पुण्यात जन्म गेला तरी लोकांचा यात घोळ होतो, कारण आपण 'मुळामुठा' एका दमात म्हणून मोकळे होतो. पण संगमवाडीपर्यंत या दोन वेगळ्या नद्या आहेत. डेक्कन, भिडे पूल, लकडी पूल, ओंकारेश्वर हे सगळं मुठेवर. औंध, दापोडी, हॅरिस ब्रिज, खडकी मुळेवर. संगमानंतर बंडगार्डनवरून जाते ती मुळा-मुठा, ती पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते.

दोघींचं माहेर सह्याद्रीच, पाऊसही धो धो, पण खरा फरक धरणांनी केलाय. मुठेवर टेमघर, तिला मिळणाऱ्या आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, आणि या तिन्हींचं पाणी खडकवासल्यात येऊन तिथून आपल्या नळाला आणि कालव्याने पार दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं, म्हणून उन्हाळ्यात डेक्कनला पात्रात जे दिसतं ते बहुतेक आपलंच सांडपाणी असतं. १२ जुलै १९६१ ला काम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला पण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. जुनी माणसं अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी वर्षं सांगतात. तो पूर मुठेचा, मुळेचा नाही.

मुळेचं गणित उलटंच. मुळशी धरण टाटांनी विजेसाठी बांधलं, तिथलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसला सोडतात आणि मग ते कुंडलिकेतून अरबी समुद्रात जातं, म्हणजे पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी आपण पश्चिमेला वळवलंय! जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी धरण झालंच.

त्यामुळे पावसाळ्यात 'खडकवासल्यातून विसर्ग वाढवला' असा मेसेज आला की औंधच्या नातेवाईकांना लगेच फोन करायची गरज नाही, तो मुठेचा विषय. मुळेसाठी मुळशी बघा आणि पवना पण बघा कारण ती दापोडीला मुळेला मिळते. संगमाजवळ राहणाऱ्यांनी मात्र दोन्हीकडे लक्ष ठेवा. आणि बातमीत नुसतं 'मुळा धरण' दिसलं तर ते राहुरीचं, हरिश्चंद्रगडाकडून येऊन प्रवरेला मिळणाऱ्या तिसऱ्याच नदीवरचं, त्याचा पुण्याशी काडीचा संबंध नाही.