पार्श्वभूमी : गांज्याची जुनी शिक्षा आणि न पुसली जाणारी नोंद

देशातल्या अफूच्या शेतीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला, मुरारच्या मॉल रोडवर आहे. १९६० मध्ये ते सिमल्याहून इथे आले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे एक खंडपीठही इथेच बसते. त्यामुळे ‘एनडीपीएस’ हे अमली पदार्थविरोधी कायद्याचे नाव शहराच्या लष्कर भागातल्या गल्लीतल्या पोरांच्याही कानावरून गेलेले असते. मात्र एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या कायद्याखाली सज्ञान माणसाला एकदा शिक्षा झाली, ती त्याने भोगली, दंड भरला आणि वर वीस-पंचवीस वर्षे उलटली, तरी ती नोंद पुसून घेण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिका, कॅनडा, जर्मनी इथे गांज्याच्या जुन्या शिक्षा रेकॉर्डवरून काढल्याच्या बातम्या येतात, तेव्हा ज्यांच्या घरात असे एखादे जुने प्रकरण असते ते दबक्या आवाजात विचारतात, आपल्याकडे असे काही होते का? ही टिपण त्यांच्यासाठी आहे.

अशी प्रकरणे मुळात किती छोटी असतात, ते आधी पाहू. खिशात चाळीस-पन्नास ग्रॅमची पुडी सापडते. इतक्या कमी मालाचा खटला विशेष न्यायालयात न जाता मॅजिस्ट्रेटपुढे चालतो. वर्षानुवर्षे तारखा पडतात. मजुरी बुडते आणि दर तारखेला वकिलाची फी निघते. मग कोणीतरी सांगते, ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ मुलगा कबूल करतो. न्यायालय ‘भोगलेली कैद हीच शिक्षा’ म्हणून दंड ठोठावते आणि तो संध्याकाळी घरी येतो. आई देवापुढे दिवा लावते, सगळ्यांना वाटते की सुटलो. पण कागदावर तो त्या दिवसापासून सजायाफ्ता झालेला असतो. हे कळते ते भरतीच्या वेळी. भिंड-मुरैना-ग्वाल्हेरच्या पट्ट्यात फौज आणि पोलीस म्हणजे घराघराची आशा, आणि तिथल्या फॉर्मवर प्रश्न असतो : आपल्याला कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, शिक्षा झाली आहे का? ‘होय’ लिहिले तर छाननी समिती बसते, ‘नाही’ लिहिले तर माहिती दडवल्याचा ठपका येतो.

गांजा आपल्याकडे कायम गुन्हा होता असेही नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला आणि त्यावरून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते, सदस्यांत तिघे भारतीय होते. हजाराहून अधिक साक्षी झाल्या आणि अहवालाचे सात खंड निघाले. त्या काळी मध्य प्रांतातला गांजा निमाडात, खांडव्याच्या बाजूला, सरकारी देखरेखीखाली पिकत असे. आयोगाने सांगितले की माफक सेवनाने सहसा काही बिघडत नाही, अतिरेक वाईट, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही. त्यापेक्षा परवाने द्या, कर बसवा, नजर ठेवा. पुढची नव्वद वर्षे देशाच्या बऱ्याच भागांत कमी-अधिक फरकाने असेच चालले. गांज्याची परवान्याची दुकाने होती आणि अबकारी खात्याला त्यातून उत्पन्न होते.

वळण आले ते बाहेरून. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा कडक यादीत गेला. भारतासारख्या, जिथे त्याचा वापर परंपरेने चालत आला होता अशा देशांना तो बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला. मुदत सरत आली तशी राजीव गांधींच्या सरकारने ऑगस्ट १९८५ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले, सप्टेंबरात राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस हा नवा कायदा लागू झाला. एवढ्या घाईत एक गोष्ट मात्र जपली गेली. कायद्यातल्या व्याख्येनुसार झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, पण नुसती पाने त्यात येत नाहीत. म्हणून भांग वाचली. आजही मध्य प्रदेशच्या अबकारी धोरणात भांग आणि भांगघोट्याच्या दुकानांचे ठेके निघतात. उज्जैनला, जे संस्थानी काळात शिंद्यांच्याच राज्यात होते, महाकालाचा भांगेचा शृंगार होतो. महाशिवरात्रीला ग्वाल्हेरच्या अचलेश्वराच्या दर्शनाला निघालेला माणूस वाटेत ठंडाई घेतो, त्याला कोणी अडवत नाही. त्याच झाडाचा शेंडा ज्याच्या खिशात सापडला, त्याच्या नावावर मात्र जन्मभराची नोंद राहते.

मूळ १९८५ चा कायदा किती कठोर होता, हे एका खटल्यावरून दिसते. गोव्यात एका परदेशी प्रवाशाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, मिळून १२ ग्रॅम. तेव्हा स्वतःपुरत्या वापराची सवलत चरसाच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंत होती. त्याच्या वर गेले की किमान दहा वर्षे. त्याला दहा वर्षेच लागली आणि उच्च न्यायालयातही ती कायम राहिली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आले की तपासणीला एकाच तुकड्यातला नमुना गेला होता, म्हणजे चरस म्हणून सिद्ध झाला तो माल ५ ग्रॅमच्या आतला. तेवढ्यावर शिक्षा सहा महिन्यांवर आली. दुसऱ्या तुकड्याची तपासणी झाली असती तर त्याची दहा वर्षे तुरुंगात गेली असती.

हे चुकते आहे हे सरकारलाही पटले. २००१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २ ऑक्टोबरपासून मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा ठरू लागली. गांजा १ किलोपर्यंत आणि चरस १०० ग्रॅमपर्यंत ‘अल्प मात्रा’, शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. (२०१४ मध्ये ती एक वर्षापर्यंत वाढली.) म्हणजे ज्या १२ ग्रॅमला दहा वर्षे होती, त्यालाच आता जास्तीत जास्त एक वर्ष किंवा नुसता दंड.

आणि नेमके इथेच मागच्या लोकांना सोडून देण्यात आले. दुरुस्ती कायद्याचे कलम ४१ सांगते की तपासात किंवा सुनावणीत अडकलेल्या जुन्या प्रकरणांना नवी, सौम्य शिक्षा लागू होईल, पण अपिलात गेलेल्यांना होणार नाही. ज्यांचे सगळे संपलेले होते त्यांचा तर उल्लेखही नाही. या भेदाला आव्हान दिले गेले, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, असा त्यामागचा विचार. मला तो पटत नाही. एकाच वर्षी, एकाच ठाण्यात, सारख्याच वजनाच्या मालासह धरलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रेंगाळला त्याला सवलत मिळाली आणि ज्याचा लवकर निकाली निघाला त्याला नाही. माझ्या मते जुन्या नोंदींच्या प्रश्नाची जड इथे आहे. शिक्षा जास्त होती हे संसदेने मान्य केले, पण ज्यांना ती आधीच झाली होती त्यांच्याकडे वळून पाहिले नाही.

आपल्या कायद्याला माणसाला सावरू देणे माहीतच नव्हते असे नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमात अशी सोय आहे की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ चा कायदा तर ठरावीक वर्षांनंतर शिक्षाच ‘संपलेली’ मानतो. पण एनडीपीएसच्या कलम ३३ ने १८ वर्षांवरच्यांसाठी हमीवर सुटकेचे दार जवळजवळ बंद केले. कलम २७, म्हणजे प्रत्यक्ष सेवन, याला ते उघडे आहे. कलम २०, म्हणजे बाळगणे, याला नाही. चिलीम ओढताना सापडलेला मुलगा हमीवर सुटू शकतो. त्याच्या शेजारी बसलेल्या, खिशात दहा ग्रॅमची पुडी असलेल्या मित्राला ती वाट नाही, आणि पुढे आयुष्यभर फॉर्मवर ‘होय’ लिहिणारा तो मित्रच असतो. व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याचे कलम ३९ आहे, पण त्यासाठी आधी तो व्यसनी आहे हे कोणीतरी न्यायालयाला सांगावे लागते.

दुसऱ्या काही कायद्यांची रीत याहून उदार आहे. पासपोर्ट कायदा १९६७ नुसार शिक्षेच्या कारणावरून पासपोर्ट नाकारायचा तर ती मागच्या पाच वर्षांतली आणि किमान दोन वर्षांच्या कैदेची असावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमात एनडीपीएसचे नाव स्पष्ट आहे, पण तिथेही अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते, नुसता दंड असेल तर निकालापासून सहा वर्षांनी. म्हणजे ती शिक्षा झालेला माणूस काही वर्षांनी खासदारकीला उभा राहू शकतो. शिपायाच्या भरतीत मात्र तीच शिक्षा तीस वर्षांनीही त्याच्या मुळावर येते. हा फरक ज्याला खटकत नाही त्याने एकदा भरतीच्या रांगेत उभे राहून पाहावे.

इतर देशांनी काय केले, ते थोडक्यात. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला आणि जुनी शिक्षा काढून घ्यायला अर्जाची सोय दिली. सॅन फ्रान्सिस्कोत अर्ज आले अवघे २३. मग तिथल्या सरकारी वकील कार्यालयाने संगणकाने स्वतःच दप्तर चाळले आणि २०१९ मध्ये ९,००० हून अधिक जुन्या शिक्षा काढण्यायोग्य निघाल्या. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, पुढच्या वर्षी ६३१ डॉलरची फी माफ करून नोंद बाजूला ठेवण्याची सोय केली, तरी पहिल्या दोन वर्षांत मंजुऱ्या ५०० च्या आतच राहिल्या. शिकण्यासारखे आहे ते इथे : ज्याला आधीच कचेरीची भीती बसली आहे तो अर्ज घेऊन पुन्हा कचेरीत जात नाही. काम सरकारने आपणहून करावे लागते. मेरीलँडच्या गव्हर्नरने जून २०२४ मध्ये एका आदेशाने १,७५,००० हून अधिक शिक्षांना माफी दिली, तीही अर्ज न मागता. माफी आणि नोंद पुसणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अध्यक्ष बायडेन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या माफीने नोंद पुसली गेली नाही.

आपल्याकडेही तोच पेच आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात, पण न्यायालयाचा निकाल त्याने खोडला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. सरकार खटले मागे घेते ते चालू असलेले, निकाल लागलेले नव्हेत. नोकरीच्या बाबतीत २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एवढा दिलासा दिला की किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्याने सारासार विचार करावा, आंधळेपणाने नाकारू नये. पण निर्णय शेवटी साहेबाच्या मर्जीवर राहिला.

दरम्यान कागद संगणकात गेला. पूर्वी गठ्ठा वाळवीने खाल्ला की नोंदही जायची. आता २०२२ च्या ओळख कायद्याने बोटांचे ठसे आणि मापे ७५ वर्षे ठेवायची मुभा दिली आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करण्याची तरतूद आहे, दोषी ठरलेल्यासाठी नाही. निकालपत्रे तर नावानिशी इंटरनेटवर सापडतात. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या एका खटल्यात सुटलेल्या माणसाला अंतरिम दिलासा देत त्याचे निकालपत्र शोधयंत्रांतून हटवायला सांगितले. त्याला नोकरी मिळत नव्हती, आणि तो तर निर्दोष सुटलेला होता.

हवा थोडी बदलते आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यावर मतदान झाले. २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या निकालात भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःपुरत्या अल्प मात्रेला तुरुंगाऐवजी उपचार सुचवले. कायदा अजून तसाच आहे. तो बदलेल तेव्हा २००१ सारखे कलम ४१ पुन्हा लिहिले जाऊ नये, आणि अल्प मात्रेच्या जुन्या शिक्षा न्यायालयांनी अर्जाची वाट न पाहता रेकॉर्डवरून काढाव्यात, ही मागणी आत्ताच व्हायला हवी.

तोवर एकच वाट खरोखर उघडी आहे आणि ती फार जणांना माहीत नाही. घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत असेल, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९ नुसार हा मुद्दा कधीही मांडता येतो, खटला कायमचा निकाली निघाल्यानंतरही. कलम २४ नुसार अशा मुलाला दोषी ठरल्याची अपात्रता लागत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंद नष्ट करायची असते. जुन्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी ही मर्यादा १६ होती. पण १८ ची मर्यादा मागच्या प्रकरणांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे १९९५ मध्ये सतरा वर्षांचा असताना धरला गेलेला आणि मोठ्यांच्या न्यायालयात दोषी ठरलेला माणूस आज चाळिशी ओलांडल्यावरही दाद मागू शकतो. त्यासाठी निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो. पुराव्यात शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी धरतात, ते नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला.