मॉन्टगोमरीचा बस बहिष्कार: त्या एका रात्रीच्या आधी

दिवसभराच्या कामानं थकलेल्या रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून गोऱ्या प्रवाशासाठी उठल्या नाहीत आणि अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धची चळवळ पेटली, अशी गोष्ट आपण वाचत आलो आहोत. ती फार अपुरी आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातल्या मॉन्टगोमरी शहरात त्यांना अटक झाली. त्याआधी, १९४३ पासूनच, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या स्थानिक शाखेत त्या सचिव म्हणून काम करत आल्या होत्या.

१९०९ साली स्थापन झालेल्या या संघटनेनं कोर्टाची वाट चिवटपणे धरली होती. सोयी समान असतील तर गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवायला हरकत नाही, या १८९६ च्या ‘वेगळे पण समान’ निकालाला तिचे वकील एकेका खटल्यातून खिंडार पाडत गेले. अखेर १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टानं सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

पण कोर्टाच्या निकालानं मॉन्टगोमरीच्या बसमधलं काही बदललं नव्हतं. कृष्णवर्णीयांनी पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं पुन्हा चढायचं. तेवढ्यात बस निघूनही जायची. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे, गोऱ्यांसाठी राखलेल्या भागात बसल्या, तर ड्रायव्हर अंगावर ओरडत आला. त्या रडत उतरल्या. पुढे ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या. शाळांच्या निकालाला चार दिवस होतात न होतात तोच त्यांनी महापौरांना पत्र धाडलं: पंचवीसेक संघटना बहिष्काराचा विचार करत आहेत.

म्हणूनच पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळताच रॉबिन्सन त्याच मध्यरात्री कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबतीला. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, सायक्लोस्टाइल करायचा आणि कापायचा. पहाटे चारपर्यंत हजारो पत्रकं तयार झाली. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढंच त्यांचं सांगणं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे नेतृत्व आलं ते त्या सोमवारी दुपारी. मला त्या कापलेल्या कागदांचं मोल कुठल्याही भाषणाइतकंच वाटतं.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. बसमधला भेद कायद्यानं मोडला तो मात्र चार स्त्रियांच्या खटल्यानं. त्यांतली क्लॉडेट कोल्व्हिन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी अटक झाली होती, वयाच्या पंधराव्या वर्षी.

बहिष्कार चालू असतानाच, १९५६ मध्ये, अलाबामा राज्यानं एनएएसीपीच्या कामावर बंदी आणली आणि सभासदांची यादी मागितली. नाव बाहेर पडलं की नोकरी जायची, घरावर बॉम्बही पडायचा. संघटनेला एक लाख डॉलर दंड झाला, तरी तिनं यादी दिली नाही. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नावं गुप्त ठेवण्याचा तिचा हक्क मान्य केला.