पूर्वज खलाशी होते? सातारा-सांगलीकरांनी नोंदी कुठे आणि कशा मागायच्या

पाटण-जावळीचा माणूस मुंबईला गेला म्हणजे गिरणीत नाहीतर गोदीत लागला, असं आपण धरून चालतो. काही जण बोटीवरही गेले. घरच्यांना मात्र ‘पणजोबा बोटीवर होते’ एवढंच ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर कोणतंही कार्यालय काही शोधून देणार नाही. आधी तीन गोष्टी नक्की करा: शिडाचं गलबत की आगबोट, बंदर कोणतं, आणि साधारण साल. म्हाताऱ्यांना थेट साल विचारून उपयोग नाही. ‘रामदास’ बोट बुडाली (१७ जुलै १९४७) त्याआधीची गोष्ट की नंतरची, कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा ते होते का, असं विचारलं की बरोबर आठवतं. बंदराचा अंदाज घाटवाटेवरून येतो. कराड-पाटणचा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचा आणि तिथून गोवळकोट, दाभोळमार्गे मुंबईला.

पहिला अर्ज तहसील कार्यालयात

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. कुणबी नोंदींसाठी ज्यांनी अभिलेख कक्षात चकरा मारल्या, त्यांना हे दप्तर ओळखीचं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ नुसार शुल्क भरून कोणीही नोंदीचा शोध आणि उतारा मागू शकतो; नातं सिद्ध करावं लागत नाही. फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही. अर्जात गाव, पूर्वजाचं व त्यांच्या वडिलांचं नाव आणि पाच-दहा वर्षांचा कालावधी लिहा. नोंद मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागेल.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवावं. हा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला. वाळवा, तासगाव, खानापूर त्याआधी साताऱ्यात होते, तर सांगली, मिरज ही संस्थानं. त्यामुळे जुन्या कागदांसाठी साताऱ्यातही चौकशी करा.

गलबत असेल तर

इथे अपेक्षा कमी ठेवा. १८३८ च्या किनारी जहाजांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गलबतांना नोंदणी आली, गलबतावर नाव व क्रमांक घालणं आलं. पण त्या कागदांवर मालकाचं नाव सापडेल, फार तर तांडेलाचं, म्हणजे गलबतावरच्या प्रमुखाचं. साधा खलाशी क्वचितच. म्हणून माणसाऐवजी गलबत शोधा: नाव, मालक, बंदर. जुने सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात पाहायचे असतात. तिथे ओळखपत्राची प्रत, संशोधनाचा विषय आणि कालावधी सांगणारा अर्ज लागतो. विषय ‘घराण्याचा इतिहास’ असा मोघम न लिहिता ‘अमुक बंदरातील किनारी व्यापार, १८९० ते १९१०’ असा लिहा. त्यावरूनच कर्मचारी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, काढून देतात.

आगबोट असेल तर

आधी घरची ट्रंक उघडा. खलाशाच्या सेवापुस्तिकेला बोटीवरचे लोक ‘नल्ली’ म्हणतात. तिच्यावरचा क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं. तो घेऊन मुंबईच्या शिपिंग मास्तर कार्यालयात, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, विचारणा करा. १९६४ नंतर नोकरीत असलेल्यांसाठी खलाशी भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय हाही एक मार्ग आहे. मात्र तिथे वारस म्हणून जात असाल तर मृत्यू दाखला, वंशावळ आणि स्वतःचं ओळखपत्र जोडा.

माहिती अधिकार कधी?

अर्जाला उत्तरच येत नसेल तेव्हा. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शिपिंग मास्तर केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांच्यासाठी केंद्राच्या पोर्टलवरून अर्ज करा. ‘माझ्या पणजोबांची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ‘अमुक क्रमांकाच्या नल्लीच्या नोंदीची प्रत द्यावी’ असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.